१४ रिळं आणि संगीताची जागा

एका कुटुंबातल्या धाकट्या मुलीने पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बाबांनी काढलेल्या फिल्म्स आहेत. आवाज नाहीये. आईच्या ८०व्या वाढदिवसाला दाखवायच्यात, तेवढी चांगली गाणी लावून दे." काम एवढंच आहे असं तिला वाटत होतं आणि मलाही. लोकांच्या घरगुती चित्रफिती जुळवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे दोन संध्याकाळींत होईल असं धरून होकार दिला. अडीच महिने लागले. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ आधी लावलेलं संगीत काढण्यात गेला.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलं तीन: थोरला, मधली आणि धाकटी. रिळं १४, सगळी १९७१ ते १९७९ मधली, सुपर ८ फिल्मवरची. हा प्रकार १९६५ मध्ये बाजारात आला. फिल्म बंद कार्ट्रिजमध्ये असल्याने ती कॅमेऱ्यात ओवत बसावी लागत नसे आणि म्हणूनच हौशी माणसाला ती झेपली. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, फुटाला ७२ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), म्हणजे एकूण ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेम या नेहमीच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते. हा हिशोब मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

तिघांच्या तीन इच्छा

मधलीला वडिलांचं आवडतं गाणं हवं होतं. ते दाढी करताना ते गुणगुणायचे, हे सांगताना तिचा आवाज बदलला. थोरल्याला त्या दशकातली गाजलेली गाणी हवी होती, म्हणजे "लगेच तो काळ उभा राहील". धाकटीचं म्हणणं होतं की शब्द नकोत, काहीतरी हळुवार वाद्यसंगीत असावं.

मी धाकटीच्या बाजूची होते. माझ्या संग्रहात तयार पार्श्वसंगीताचे बरेच तुकडे आहेत. त्यातला एक संथ पियानो मी अशा कामांत अनेकदा वापरला होता: मोजके सूर, भरपूर घुमारा, खालून व्हायोलिनचा पडदा. तो पहिल्या चार मिनिटांना लावला. पुढे जरा उत्साही तुकडा आणि शेवटी मधलीसाठी वडिलांचं गाणं. सगळे कट ठेक्यावर आणले. एखादं दृश्य ठेक्याच्या पुढे जात असेल तर तिथेच छाटलं. ९ मिनिटांची नीटनेटकी फिल्म तयार झाली आणि तिघांना दाखवली.

धाकटी रडली. थोरला म्हणाला, "छान झालंय." आणि गप्प झाला. मधलीने मात्र विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. एका दृश्यात दीड-दोन वर्षांचं मूल कॅमेऱ्याकडे चालत येतं, अडखळतं, हातांवर पडतं, उठतं आणि पुन्हा निघतं. ते मूल म्हणजे थोरलाच. तो तिच्या शेजारी बसलेला होता. तरीही ती म्हणाली, "हे बघताना मला उगाच वाटलं, याला पुढे काहीतरी झालं की काय."

चित्रात तसं काहीच नव्हतं. उन्हात एक मूल पडलं आणि उठलं, एवढंच होतं. दुःख पियानोने आणलं होतं, आणि तो पियानो मी लावला होता.

घरी जाऊन मी तेवढंच दृश्य पुन्हा लावलं, ४० सेकंदांचं. एकदा संथ पियानो, एकदा उत्साही तुकडा, एकदा काहीच नाही. पियानोसोबत ती श्रद्धांजली वाटत होती. उत्साही तुकड्यासोबत मूल विदूषकासारखं पडत होतं आणि आपण त्याला हसतो आहोत असं वाटत होतं. संगीत काढलं की पहिले चार-पाच सेकंद पोकळ जायचे, पण नंतर डोळे कामाला लागायचे. मुलाच्या मागे दारात कोणीतरी उभं आहे, मूल पडताच त्या व्यक्तीचा एक पाय पुढे येतो आणि तिथेच थांबतो. आठवडाभर मी हे दृश्य बघत होते, पण तो पाय मला तोपर्यंत दिसला नव्हता.

वेगाचा घोळ

उत्साही तुकड्याने विनोदी रंग येण्याला आणखी एक कारण होतं आणि ते संगीताशी संबंधित नव्हतंच. पेन ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल २ मिनिटं २४ सेकंदांची होती. ५० फुटांचं रीळ ३ मिनिटं २० सेकंद चालायला हवं. ३,६०० भागिले २५ केलं की १४४ सेकंद येतात. म्हणजे डिजिटाइझ करताना १८ फ्रेमची फिल्म २५च्या वेगाने पळवली होती. मिनिटाला ११० पावलं टाकणारा माणूस या वेगात १५३ टाकतो. जुन्या फिल्ममधली माणसं तुरुतुरु चालतात, ही आपल्या सवयीची गोष्ट झाली आहे, म्हणून मलाही ते खटकलं नव्हतं. पण ती तशी चालत नव्हती. आपण त्यांना पळवतो.

फाइलचा वेग एडिटिंगमध्ये १८ला बांधून घेतला. नुसतं 'स्लो' करून चालत नाही. त्यात सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळतं आणि हलत्या हाताला भुतासारखी सावली येते. फ्रेम जशाच्या तशा ठेवून गरजेप्रमाणे पुन्हा दाखवल्या की चित्र स्वच्छ राहतं. एकूण लांबी ३३ मिनिटं ३६ सेकंदांवरून ४६ मिनिटं ४० सेकंदांवर गेली आणि माणसं माणसांसारखी चालू लागली. आईची चाल जरा संथ, डावा खांदा किंचित खाली. धाकटी बघता बघता म्हणाली, "ही आत्ताही अशीच चालते."

अर्थात आधी जुळवलेले सगळे ठेके यामुळे कोसळले. म्हणून पहिला सल्ला हाच देईन की वेग तपासल्याशिवाय संगीताला हात लावू नका. चुकीच्या वेगाच्या चित्राला शोभणारी लय खऱ्या वेगाला शोभत नाही.

गाण्याचं काय झालं

वडिलांच्या आवडत्या गाण्याचा हट्ट मधलीने स्वतःच सोडला, पण त्याआधी आम्ही ते प्रामाणिकपणे लावून पाहिलं. अडचण शब्दांची होती. गाणं सुरू झालं की मुखड्याला तिघंही गाणं ऐकू लागायची आणि पडद्यावर काय चाललंय ते वाहून जायचं. अंतऱ्यात विरहाच्या ओळी होत्या आणि त्या नेमक्या झोपाळ्याच्या दृश्यावर यायच्या. दृश्य पुढेमागे केलं तर ओळ दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊन बसायची. शब्द असलेलं गाणं चित्राला अर्थ चिकटवतं आणि तो कुठे चिकटेल यावर आपला ताबा राहत नाही. शेवटी मधलीच म्हणाली, "हे गाणं बाबांचं आहे, पण या फिल्ममध्ये बाबा नाहीतच. ते कॅमेऱ्याच्या मागे आहेत."

थोरल्याच्या दशकगीतांचा निकाल लवकर लागला. त्या गाण्यांनी दशक उभं राहत होतं हे खरं, पण ते सगळ्यांचं दशक होतं. या घराचं काहीच त्यात नव्हतं.

हक्कांचा मुद्दाही होता, कारण दूरच्या नातेवाइकांना फिल्मची लिंक पाठवायची होती. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. रचनाकाराला जाऊन दीडशे वर्षं झाली असली, तरी गेल्या वर्षी कुणीतरी केलेलं त्या रचनेचं मुद्रण मोकळं नसतं. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर ध्वनी ओळखणारी यंत्रणा असते. ती अशा फितीचा आवाज बंद करू शकते किंवा फीतच अडवू शकते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटींवर वापरायला मोकळं दिलेलं, संगीत घ्यायचं तर अटी नीट वाचा. 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' अशी अट असेल तर ते संगीत चित्राला जोडताही येत नाही, कारण त्या परवान्यांत चित्राशी जोडणं म्हणजे नवी रूपांतरित कृती धरली जाते. अनेकांना हे माहीत नसतं.

आईला सांगावं लागलं

वाढदिवसाचं गुपित ठेवायचं ठरलं होतं. ते मोडा असा आग्रह मी धरला. कारण १४ पैकी सहा रिळांमधली निम्मी माणसं तिन्ही मुलांना ओळखता येत नव्हती आणि ओळखणारी एकच व्यक्ती उरली होती.

दोन दुपारी आम्ही आईंसमोर संगीताविना रिळं चालवली. त्यांच्याजवळ, छातीपासून हातभर अंतरावर, एक छोटा माइक ठेवला. काही विचारायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, असं मुलांना बजावलं होतं. पहिली दहा मिनिटं आई काही बोलल्या नाहीत. मग मूल पडण्याचं ते दृश्य आलं.

"बघा! पोरगं पडलं तरी हे शूटिंगच करत होते," आई म्हणाल्या. "मी दारात होते. म्हटलं धावावं. तर हाताने खूण केली, थांब म्हणून. उठला की नाही आपला आपण?"

तो अर्धवट पुढे आलेला पाय त्यांचा होता.

हे ऐकल्यावर कामाची दिशाच बदलली. ही रिळं घरात प्रोजेक्टरवर पूर्वी कशी बघितली जायची, हे मी आईंना विचारलं. अंधार, मशीनची खरखर आणि सगळ्यांची बडबड. हा कोण, ती कोण, ती साडी कुणाची, पुन्हा लाव, उलटं चालव. म्हणजे या फिल्म कधीच मूक नव्हत्या. त्यांचा आवाज पडद्यावर नव्हता, तो बघणाऱ्यांमध्ये होता. आपण त्या जागी संगीत ओततो आणि बोलायला जागाच ठेवत नाही. माझी ९ मिनिटांची प्रत बघताना तिघंही गप्प बसली होती. तेव्हा मला तो परिणाम वाटला होता. खरं तर त्यांना बोलायला फटच मिळाली नव्हती.

तपकिरी पट्टी

वेगाची शंका आल्यावर मी मूळ रिळं मागवून घेतली होती, कारण वेग ठरवताना डब्यांवर काही लिहिलंय का ते बघायचं होतं. अकराव्या रिळाच्या कडेला गंजाच्या रंगाची एक बारीक पट्टी दिसली. हा चुंबकीय ध्वनिपट्टा. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. १९७३ पासून सुपर ८मध्ये आवाजासह फिल्म मिळू लागली होती आणि डब्यावर साल होतं १९७६. ज्यांनी डिजिटाइझ केलं त्यांनी सगळी रिळं मूक धरून स्कॅन केली होती. घरातही कुणाला त्या पट्टीचा अर्थ माहीत नव्हता.

ते एक रीळ ध्वनी वाचू शकणाऱ्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करून घ्यायला तीन आठवडे गेले. फाइल आली तेव्हा आवाज आणि चित्र जुळत नव्हतं. तेही अपेक्षित होतं: सुपर ८मध्ये ध्वनी चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, म्हणजे १८च्या वेगाला नेमका एक सेकंद. तेवढं सरकवलं आणि ओठ बसले.

आधी कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर. कुठल्या तरी आतल्या खोलीत रेडिओ, ओळखू न येणारा. पडद्यावर सात-आठ माणसं भिंतीसमोर ओळीने उभी, फोटोला राहतात तशी ताठ. मग कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून, एक मोठा उत्साही आवाज:

"अरे हला! नुसते उभे काय राहता, फोटो नाही काढत मी. हला, हला!"

आणि ती सगळी माणसं एकदम हसून हात हलवू लागतात.

मी फाइल थांबवली आणि बाकीची रिळं उघडली. प्रत्येक रिळात हे होतं. ताठ उभी माणसं, तीन-चार सेकंद काहीच नाही, मग सगळ्यांच्या अंगात एकदम वारं शिरल्यासारखी हालचाल. मी ती हालचाल पहिल्या प्रतीत मोठ्या हौशीने समेवर आणली होती, जणू ती माणसं माझ्या ठेक्यावर हलत होती. ती वडिलांच्या शब्दावर हलत होती. तेरा रिळांमध्ये तो शब्द ऐकू येत नाही, पण त्याचा परिणाम मात्र दिसतो.

धाकटीने लगेच सुचवलं की तो "हला, हला!" उचलून प्रत्येक रिळात टाकावा. तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं काम होतं. मी नाही म्हटलं आणि यावर आमचं बरंच बोलणं झालं. १९७६ मध्ये म्हटलेला शब्द १९७१च्या चित्रावर ठेवला तर तो पुरावा राहत नाही, सजावट होते. पुढे कधी तिच्या नातवंडांनी फिल्म बघितली तर पणजोबांचा खरा आवाज कुठला आणि चिकटवलेला कुठला, हे त्यांना कळणार नाही. याच कारणासाठी मी मुलांचं खोटं हसणं, पक्ष्यांची किलबिल, लाटांचा आवाज असलं काही घरगुती फिल्मवर घालत नाही. संगीत घातलं तर ते नंतरचं आहे हे कुणालाही कळतं. आवाज घातले तर कळत नाही.

त्याऐवजी क्रम मोडायचं ठरवलं. अकरावं रीळ सुरुवातीला आणलं. एकदा तो आवाज कानात बसला की पुढच्या प्रत्येक ताठ ओळीत बघणारा त्याची वाट बघेल. मग त्या जागी संगीत असता कामा नये.

शेवटी काय वाजलं

थोरल्याचा मुलगा गिटार वाजवतो. तयार तुकड्यांपेक्षा त्याने चित्र बघत वाजवावं असं मला वाटलं. मूकपटांच्या काळात थिएटरातले पियानोवादक तसंच करायचे. हक्कांची कटकटही आपोआप मिटली. पहिल्या वेळी त्याने फार वाजवलं, रिकामी जागा दिसेल तिथे. दुसऱ्या वेळी मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. आधी एकदा हात बांधून नुसतं बघ. आणि वाजवताना, कुणीही थेट कॅमेऱ्यात बघायला लागलं की थांब, कारण ते आपल्याकडे बघत नाहीयेत, आजोबांकडे बघतायत.

तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. खालच्या पट्टीतले सुटे सूर, ठरलेला ठेका नाही. गिटार ज्या दृश्यांत माणसं दूर आहेत किंवा नुसती जागा दिसते तिथे: रिकामा झोपाळा, कुंपणावर वाळणारे कपडे, चालत्या वाहनातून टिपलेली झाडं. अंतिम फिल्म २१ मिनिटांची झाली आणि त्यात संगीत ६ मिनिटांच्या आसपास. प्रत्येक तुकडा त्याची सुरावट संपते तिथेच संपतो, मध्येच मंद होत विरत नाही, आणि चित्र त्यानंतरही दोन-तीन सेकंद चालू राहतं. त्या दोन-तीन सेकंदांत माणसं बोलतात, हे नंतर दिसलं.

त्या दोन दुपारी मुद्रित केलेलं आईंचं बोलणंही फिल्ममध्ये घेतलं, पण त्याखाली संगीत ठेवलंच नाही. बोलण्यामागचा ध्वनी किमान २० डेसिबल खाली असावा, असा वेबवरच्या सुगम्यतेच्या (कमी ऐकू-दिसू येणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीच्या) नियमावलीत एक निकष आहे आणि इतरत्र मी तो पाळते. पण इथे बघणाऱ्यांत ८० वर्षांच्या आई आणि त्यांच्या वयाची माणसं होती. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, त्यात स, श, त, फ असली व्यंजनं हरवतात आणि मग हळू वाजणारी गिटारही शब्द खाऊन टाकते.

एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. संगीत नाही म्हणजे आवाजच नाही असं करू नका. ट्रॅक पूर्ण कोरा ठेवला तर लोकांना वाटतं स्पीकर बंद पडला. आईंच्या खोलीतला, कुणी बोलत नसतानाचा मिनिटभर आवाज मी मुद्दाम मुद्रित करून ठेवला होता: पंख्याची फरफर, लांबची वाहनं. तोच अगदी हळू सगळ्या मोकळ्या जागांखाली अंथरला. प्रोजेक्टरची खरखर फक्त सुरुवातीचे २० सेकंद घेतली. तो प्रोजेक्टर घरातच होता, फिल्म न घालता त्याची मोटर चालवून आवाज धरला. पूर्ण २१ मिनिटं ती ठेवली असती तर आठवणीची खूण राहिली नसती, नुसता त्रास झाला असता.

वाढदिवसाच्या दिवशी मी मागे बसले होते. अकरावं रीळ आईंनी आवाजासकट तेव्हाच प्रथम ऐकलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हात मांडीवर होते, ते एकमेकांत घट्ट धरले. मधलीने मागे वळून माझ्याकडे बघितलं, फिल्म थांबवायची का म्हणून. मी मान हलवली, नको.

पुढचं रीळ १९७१चं, मूक. गिटार थांबली. भिंतीसमोर पाच जणं, ताठ. त्यांत आई स्वतः, कडेवर थोरला. एक सेकंद. दोन. खोलीत नुसता पंखा.

"हला, हला," आई म्हणाल्या.

आणि पडद्यावरची माणसं हलली.

मी त्या दिवशीही माइक लावून ठेवला होता. कुटुंबाला मी दोन प्रती दिल्या आहेत. एकीत गिटार आहे. दुसरीत गिटार नाही, फक्त त्या संध्याकाळचं बोलणं आहे, जसं झालं तसं. धाकटी सांगते की घरात दुसरीच जास्त लावली जाते.